सोललेली चवळी

जव्हारच्या बाजारात चवळीच्या शेंगा आल्या की माझं डोकं फिरतं. काल आल्या. हिरव्या, लांबसडक, टोकाला जांभळट, वेलीच्याच तुकड्याने बांधलेल्या जुड्या. दाभोशाकडची एक बाई पाटी घेऊन बसली होती. "घे ना दादा, कोवळी हाये," म्हणाली. मी तिच्याकडे कसं पाहिलं कोण जाणे, तिने पाटी स्वतःकडे ओढून घेतली. तिचा काय दोष? आश्विन लागला की बांधावरची चवळी येणारच. राग आहे तो माझा, आणि तो कुणावर काढावा हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

आश्विनावर गोड गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. पिवळं भात, निवळलेलं आभाळ, धबधब्याचा बारीक झालेला आवाज. हे सगळं आमच्या दाभोशालाही असतं, नाही असं नाही. पण माझ्या आश्विनात चवळीची सालं असतात. भिजलेली, पातळ, अंगणभर चिकटलेली, कोंबड्यांनीही तोंड न लावलेली सालं. आणि एक वाक्य असतं. माझ्या मामाने म्हणावं म्हणून आख्ख्या पाड्याने ज्याची वाट पाहिली, असं साधं, लहान, सपशेल खोटं वाक्य.

माझा मामा, लखमा, पोशेऱ्याचा. जमीन नाही, दुसऱ्याच्या बांधावर आयुष्य. पहिलं महायुद्ध सुरू असताना नाशकाकडे मजुरीला गेला आणि तिथून लष्करात ओझी वाहायला भरती झाला. त्याला वाटलं मुंबईपर्यंत जायचं आहे. नेलं आफ्रिकेला. दोन वर्षं तो त्या खंडाच्या पूर्वेच्या रानात चिखल तुडवत होता. परत आला तेव्हा बायको राहिली नव्हती. मानमोडीच्या तापाने आदल्या वर्षी डोंगरातली घरंच्या घरं झोपवली, त्यात मामी गेली आणि इकडे माझे वडीलही गेले. पोशेऱ्याच्या भावांनी मामाला उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि विचारलं, "तिकडं कुणाच्या हातचं खाल्लंस?"

समुद्र ओलांडल्याचं कुणाला काही नव्हतं, कारण समुद्र कुणी पाहिलाच नव्हता. प्रश्न शिजलेल्या अन्नाचा. मामा तिथूनच वळला आणि सरळ बहिणीकडे, म्हणजे आमच्याकडे दाभोशाला आला. आईने त्याला घरात घेतलं नाही. अंगणात मांडव घालून दिला, वेगळं मडकं दिलं, आणि आत जाऊन इतकी रडली की चुलीवरची नागलीची भाकर करपली.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. ठाण्याच्या एका छापखान्यात वर्षभर खिळे जुळवून नुकताच गावी आलेला. तिथे सुधारणेची पत्रकं छापता छापता मी ती पाठ केली होती, आणि स्वतःही लिहायला लागलो होतो. 'बांधवांनो, जागे व्हा!' अशी सुरुवात. आमचे बांधव पहाटे कोंबड्याच्या आधी जागे होतात हे मला ठाऊक होतं, तरी मी तसंच लिहायचो. पाड्यात वाचता येणारा माझ्याशिवाय कुणी नव्हता. म्हणजे माझी पत्रकं मीच लिहायची आणि मीच वाचायची. लोक मला 'कागदवाला' म्हणायचे, आणि त्यात मान नव्हता.

पाड्याचे जाणते सोमाबा. पंच बसले की शेवटचा शब्द त्यांचा. तोंडात एक दात नाही, पण बोलणं खडीसारखं. त्यांनी निवाडा दिला तो असा: आश्विनात नवं खायचं, म्हणजे हळवं, लवकर पिकणारं भात कापून देवाला दाखवून मगच पाड्याने नवा दाणा तोंडात घालायचा. त्या दिवशी घरच्या मेलेल्यांना नावाने घास ठेवायचा असतो. त्या आधी लखमाने पंचांसमोर एकदाच म्हणावं, 'मी परक्याच्या हातचं शिजलेलं खाल्लं नाही.' म्हटलं की संपलं. पंगतीत बस, बायकोचा घास आपल्या हाताने ठेव, पोशेऱ्याला आपल्या घरी जा.

"पण तिकडे दोन वर्षं हा काय दगड खाऊन राहिला?" मी विचारलं.

"चणे खाल्ले," सोमाबा म्हणाले.

"दोन वर्षं?"

"चणे टिकतात."

आता सांगा, माणसाने संतापावं नाही तर काय करावं? सोमाबांना ठाऊक होतं की हे खोटं आहे. पंचांना ठाऊक होतं. माझ्या आईला ठाऊक होतं. सगळ्यांनी मिळून एका माणसाला प्रेमाने, कळवळ्याने, डोळ्यांत पाणी आणून खोटं बोलायला सांगायचं, आणि याला धर्म म्हणायचं. मी त्याच दिवशी चार पानी पत्रक लिहायला घेतलं.

मामाने मात्र वेगळंच काढलं. एका दुपारी मांडवात बसल्या बसल्या आईला म्हणाला, "बाय, मला एक चीज करून दे. चवळीची."

तिकडे आफ्रिकेत तो तापाने पडला होता. ओझेवाले पडले की मागे टाकून तुकडी पुढे जायची. आफ्रिकेच्याच पार पश्चिमेकडून आणलेली एक पलटण शेजारी उतरली होती. तिच्यातला एक स्वयंपाकी, अकीन त्याचं नाव, मामाच्या बोलीत आकिन्या. त्याने याला झोपडीत ओढलं आणि दीड महिना भरवलं. भाषा एकाची दुसऱ्याला नाही. पण चवळी पाहून मामा उठून बसला म्हणे. "आपलीच चवळी गं बाय, काळ्या डोळ्याची. मी त्याला खूण केली, माझ्या गावाला हीच. त्यानं छातीवर हात मारला, माझ्यापण गावाला हीच." ती चवळी तो सोलायचा, वाटायचा, पानात बांधून वाफवायचा. मोईमोई म्हणायचा तिला. मऊ, थरथरणारी, तापातल्या माणसाच्याही घशाखाली उतरणारी. मग मामा उठला, आणि त्याच तापाने आकिन्या पडला. "त्याचं तिथं कोण नव्हतं. माती मीच दिली," मामा म्हणाला. "नव्याला त्याचा एक घास ठेवायचा हाय."

आईने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "सोलायची म्हणजे? चवळी काय केळं हाय?"

इथून माझ्या आयुष्यातला सगळ्यात वैतागवाणा महिना सुरू झाला.

मामाने चुलीला शिवायचं नाही. तो शिवला तर मडकं फोडावं लागणार, आणि ती वस्तू कुणाच्याच तोंडी लागणार नाही. म्हणजे करणार आई, घरात. सांगणार मामा, अंगणातून. मधे कुडाची भिंत. ज्याला येतं त्याने हात लावायचा नाही आणि जिचा हात चालतो तिने ती वस्तू जन्मात पाहिलेली नाही. असा स्वयंपाक जगाच्या पाठीवर कुठे झाला असेल तर मला दाखवा.

नवी चवळी नव्याआधी चालत नाही, म्हणून बी म्हणून राखेत घालून ठेवलेल्या जुन्या चवळीतली दोन ओंजळ आईने काढली. भिजत घातली. अंगणातून आवाज आला, "चोळ आता. दोन हातांत घेऊन चोळ. साल सुटतं."

"सुटत नाय."

"भिजली नसंल."

"कालपास्नं भिजते. अजून भिजली तर मोड येतील."

"मंग चोळायला चुकते तू."

"तुझ्या जन्माआधीपास्नं चवळी खाते मी. साल काढून टाकलं तर चवळीत राहतं काय? चव सालातच असते." मग हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं, "सालासकटच वाटते. त्याला काय दिसतं तिथून?"

तिने तसंच वाटलं. पाट्यावर वरवंट्याखाली ते काळे डोळे बारीक होईनात. लाल मिरची, कांदा, खुरासणीचं तेल घालून पळसाच्या पानात बांधलं. मडक्यात तळाला काड्या, काड्यांवर पेंढा, पेंढ्याखाली पाणी, वर झाकण आणि कडेने ओल्या नागलीच्या पिठाचं लिंपण. वाफ आली तशी पळसाच्या पानांच्या शिरा फाटल्या आणि सगळं खाली पेंढ्यात उतरलं. मामाने अंगणातून वास घेतला आणि म्हणाला, "बाय, साल काढलं नाय तू."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "नाक बघ याचं! लढाईत याला बंदुकीऐवजी कुत्र्यासारखा पुढं सोडला असंल."

दुसऱ्या खेपेला तिने सालं काढली. मी काढली म्हणायला हवं. सकाळभर अंगणाच्या कडेला बसून चोळायचं, पाणी ओतायचं, तरंगलेली सालं ओतून द्यायची, पुन्हा चोळायचं. हाताला चवळीचा कच्चा, गवतासारखा वास. येणारा जाणारा थांबायचा. "कागदवाल्या, काय करतो रे?" "चवळी सोलतो." "का?" या 'का'ला माझ्या पत्रकांत उत्तर नव्हतं. एक म्हातारी जाता जाता म्हणाली, "आता भाताच्या दाण्याला पण लुगडं नेसवा."

तेवढ्यात मामाला आठवलं, की आकिन्याची मोईमोई लालसर असायची. तिकडे कसल्याशा ताडाच्या फळाचं लाल तेल मिळतं. ते आणायचं कुठून? "लाल पायजे तर गेरू लावते," आई म्हणाली. मामानेच सागाची कोवळी पानं सुचवली. ती चुरगळली की हात लाल होतो हे आमच्याकडे गुरं राखणाऱ्या पोरालाही ठाऊक. सागाच्या पानांत बांधून वाफवलं. निघालं खरं लालसर, पण तोंड असं आवळलं की आईला बोलताच येईना, आणि ती दुपार घरात शांततेत गेली. तिचे हात दोन दिवस लाल होते. पाणवठ्यावर बायांनी विचारलं, कुणाचा खून केलास. "भावाचा करणार हाय," ती म्हणाली.

आज हे लिहिताना मला हसू येतं. त्या वेळी येत नव्हतं. मला वाटायचं, एका माणसाच्या आयुष्याचा निवाडा तोंडावर आला आहे आणि ही दोघं बहीणभाऊ पानांवरून भांडताहेत. मी मामाला माझं पत्रक वाचून दाखवलं. चारही पानं. जातपंचायतीचा जुलूम, माणुसकीचा अपमान, सगळं. त्याने नीट ऐकलं आणि विचारलं, "यात आकिन्याचं नाव कुठं हाय?"

नव्हतं. 'एका परदेशी बांधवाने' असं होतं.

"नाव घाल," तो म्हणाला. "आणि ते 'जुलूम' काढ. सोमाबानं मला लहानपणी पोहायला शिकवलंय."

अशा माणसासाठी लढायचं कसं?

तिसऱ्या खेपेला जमलं. पान रानकेळीचं घेतलं, विस्तवावर शेकून मऊ केलेलं. चवळी अशी बारीक वाटली की बोटाला कण लागेना. मामाच्या सांगण्यावरून आईने ते वाटण हाताने इतकं फेटलं की ते फुगून पांढरं झालं. त्यात नदीतले वाळवलेले बारीक मासे. झाकण काढल्यावर जी वाफ आली ती मला अजून ओळखता येईल. ओल्या केळीच्या पानाचा हिरवा वास, त्याखाली मिरची, आणि त्याखाली एक गोडसर, जड, भाजलेल्या मातीसारखा वास. पान उलगडलं तर पानाच्या शिरांचे ठसे अंगावर घेऊन एक मऊ गोळा थरथरत बसलेला. आईने एक तुकडा द्रोणात घालून कुडाबाहेर सरकवला. मामाने खाल्ला. पाठ फिरवून बसला.

"काय? हेपण चुकलं का?" आई आतून ओरडली.

"नाय," एवढंच आलं.

तेवढ्यात सोमाबा आले, वासावर आले असणार. आईच्या हातचं, आईच्या चुलीवरचं, तेव्हा त्यांना खायला हरकत नव्हती. एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसरं मागितलं. दात नसलेल्या माणसाला कित्येक वर्षांनी चावायची गरज नसलेली चवळी मिळाली होती. "कुणी शिकवलं गं हे?" त्यांनी विचारलं.

आईने अंगणाकडे पाहिलं. सोमाबांनीही पाहिलं. मग बोटं चाटत म्हणाले, "मला सांगू नको."

हे मी कधी विसरू शकलो नाही. मला सांगू नको! पदार्थ पोटात, आणि पदार्थाचं नाव दाराबाहेर. तेव्हा मी त्यांना बोललो. आवाज चढवूनच बोललो की तुम्हाला सगळं कळतं, तरी खोटं वदवून घेता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबू, गाठ सोडवायची असली तर एक टोक ढिलं करावं लागतं. मी माझं केलं. त्याला सांग त्याचं कर."

नव्याचा दिवस उजाडला. ऊन स्वच्छ, खळ्यावर नव्या पेंढ्याचा पिवळा वास. पोशेऱ्याहून मामाचे भाऊ आले होते, ते अंगणाच्या पलीकडे, त्याच्याकडे न पाहता उभे. निवाडा आमच्या घरचा म्हणून पंगतही आमच्याकडेच होती; पंच ओट्यावर बसले. माझ्या खिशात पत्रक होतं. मी मनात ठरवलं होतं, मामा वाक्य म्हणायला लागला तर त्याला थांबवायचं. नाही म्हणाला तर त्याच्या बाजूने उभं राहायचं आणि सगळं वाचायचं.

सोमाबांनी त्याला पुढे बोलावलं. आवाज इतका मऊ केला की दोन हात अंतरावरच ऐकू यावा. "लखमा, तिकडं चणे खाऊन राहिलास ना?"

मामाने एकदा भावांकडे पाहिलं. थोरल्याने मान अगदी थोडी हलवली, हो म्हण, अशी. मामाच्या ओठांनी सुरुवात केली. मी पाहिलं. "मी परक्याच्या..." इथपर्यंत आला, आणि थांबला.

"परका नव्हता," तो म्हणाला. "दीड महिना त्याच्या हातचं खाल्लं, सोमाबा. नाय खाल्लं म्हणू तर मी इथं उभा कसा?"

कुणी ओरडलं नाही. कुणी अंगावर धावलं नाही. तसं झालं असतं तर माझं पत्रक उपयोगी पडलं असतं. सोमाबांनी डोळे मिटले, एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "मंग तू अंगणात बस."

मी पुढे झालो. खिशात हात घातला. तेव्हा मामानेच माझा दंड धरायला हात पुढे केला, मग शिवायचं नाही हे लक्षात येऊन मागे घेतला. "तू आत जा," म्हणाला. "मामीचा घास कोण ठेवणार? तुझ्या बापाचा कोण? इथं माझ्याजवळ बसलास तर तुला ठेवता येणार नाय. जा."

आणि मी गेलो.

मी हे अनेकदा अनेक तऱ्हांनी स्वतःला समजावून सांगितलं आहे. मामाने सांगितलं म्हणून गेलो. वडील गेल्यानंतरचं आमच्या घरचं पहिलं नवं होतं म्हणून गेलो, कारण आदल्या आश्विनात तापाने सगळे अंथरुणाला होते आणि कुणी नवं खाल्लंच नव्हतं. मामीचा घास रिकामा राहिला असता म्हणून गेलो. ही सगळी कारणं खरी आहेत. तरी गेलो तो गेलो. एका भिंतीच्या आत मी आणि बाहेर तो.

आत नव्या भाताचे घास एकेका पानावर ठेवले. वडिलांचा. मामीचा. त्या तापात गेलेल्या एका चुलत भावाचा. शेवटी आईने रानकेळीच्या पानातली एक पुडी आणून त्या ओळीत ठेवली.

"हा कुणाचा?" सोमाबांनी विचारलं.

"आकिन्याचा," आई म्हणाली. "माझ्या भावाला ज्यानं भरवलं त्याचा."

मला वाटलं, आता उठतील. सोमाबांनी पुडी हाताने जरा सरळ केली, बाकीच्या पानांच्या रांगेत आणली. "राहू दे," म्हणाले. "मेलेल्याला जात नसते. उपाशी गेला तर शेताच्या कडेला येऊन बसंल."

म्हणजे ज्याने भरवलं तो परमुलखातला, परधर्मातला माणूस माझ्या वडिलांच्या शेजारी, आत. आणि ज्याने खाल्लं तो, याच घरच्या बाईचा सख्खा भाऊ, अंगणात. मी कितीतरी पत्रकं लिहिली त्यानंतर, पण या एका गोष्टीला बसेल असा शब्द मला सापडलेला नाही. मूर्खपणा म्हणावं तर त्यात दया आहे. दया म्हणावं तर तोंडात आलेली शिवी गिळावी लागते.

आईने सगळ्यांना वाढलं. भात, काकडी, नव्या चवळीची मोईमोई प्रत्येकाला एक. पंचांनी पहिला घास घेतला, भावांनी घेतला, मीही घेतला. सगळ्यांचा घास तोंडात गेलेला पाहून आईने स्वतःचं पान उचललं, दारातून बाहेर गेली आणि अंगणात मामासमोर मांडी घालून बसली.

पंगत थबकली.

"बाय, आत ये," सोमाबा म्हणाले.

"इथून ऐकू येतं मला," ती म्हणाली. "वाढायला लागलं तर सांगा, वाढते."

आता काय करायचं? तिला बाहेर काढावं, तर तिच्याच हातचं सगळ्यांच्या पोटात. प्रत्येकाच्या पानावर, प्रत्येकाच्या दाढेखाली. सोमाबांनी एक क्षण वर पाहिलं, मग मान खाली घातली आणि खायला लागले. मग सगळेच. इतकं मन लावून जेवताना मी माणसं पुन्हा पाहिलेली नाहीत. कुणी मान वर करेना, कुणी दाराकडे पाहीना.

मी कुडाच्या फटीतून पाहत होतो. दोघांमध्ये एक पान उलगडलेलं, वाफ अजून येत होती. आईने तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि कपाळाला आठी घातली.

"मीठ कमी पडलं."

मामा चावत होता. चावण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी बराच वेळ चावत होता.

"त्याचंपण कमीच असायचं," तो म्हणाला.